चौघांचा पट आणि उसनी बारी

माझा नातू मोबाइलवर चौघांचं बुद्धिबळ खेळतो. समोर तीन गडी असतात. एक ब्राझीलचा, एक रशियाकडचा आणि एक कोण ते त्याचं त्यालाच ठाऊक. हा आपला वाकडच्या फ्लॅटमध्ये सोफ्यावर आडवा. "आजी, हे नवीन आलंय," असं त्यानं सांगितलं तेव्हा मी चहा पीत होते, तो नाकात गेला. म्हटलं, बाळा, तुझं हे नवीन आमच्या ओट्यावर कॅनॉल यायच्या आधीच येऊन बसलं होतं. त्यानं मान वर केली नाही. म्हाताऱ्या माणसांना असं काहीबाही बोलायची सवय असते अशी त्या पिढीची समजूत आहे, आणि ती फारशी चुकीचीही नाही. मग मी शेजारी बसून जरा वेळ पाहिलं. पट तोच, बेरजेच्या चिन्हासारखा. रंग चार. घोडे तसेच अडीच घरं उड्या मारणारे. मी विचारलं, "यात उसनी बारी कशी मागायची?" तो म्हणाला, "काय?" मी समजावून सांगितलं. बिचाऱ्यानं खरंच सगळी बटणं दाबून पाहिली. "असा रूलच नाहीये, आजी." म्हणजे साऱ्या जगात हा नियम फक्त आमच्या घरात होता, आणि हे कळायला मला साठी उलटावी लागली.

आमचं घर अवसरी बुद्रुकला, गावाच्या कडेला. घर लहान आणि ओटा मोठा, त्यामुळे जगणं बहुतेक ओट्यावरच चालायचं. भिंतीवर दोन तसबिरी होत्या. एक डोळे मिटून शांत बसलेले, दुसरे कोट-चष्म्यातले, डोळे चांगले उघडे ठेवून आमच्याकडे बघणारे. रोज सकाळी त्यांना फडकं मारायचं काम आजोबांचं, म्हणजे आबांचं होतं. आबा गेल्यावर ते माझ्याकडे आलं. घरात माझे वडील बापू, त्यांचे धाकटे भाऊ तात्या, आई, मी आणि आत्या. मला एक धाकटा भाऊही होता, पण तो दिवसभर गोट्या खेळायचा, त्याचा या प्रकरणात काही उपयोग नाही. बापू शेती करायचे आणि बाकी वेळ ती कशी करावी यावर बोलायचे. तात्या लष्करातून परत आले होते. लष्करात होते हे खरं, पण हाती बंदूक कमी आणि बटाटे जास्त आले होते, कारण त्यांची सगळी नोकरी भटारखान्यात गेली. लग्नाचं राहून गेलं होतं, आणि राहून गेल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसायचा.

आत्या या दोघांची थोरली बहीण. ते तिला आक्का म्हणायचे. तिला पेठला दिलं होतं. तिथून एक दिवस ती ट्रंक डोक्यावर घेऊन आली आणि ती ट्रंक तिनं परत उचलली नाही. का आली, हे विचारायला अर्धा गाव येऊन गेला. आत्यानं प्रत्येकाला वेगळं कारण दिलं. एकीला म्हणाली, नवरा घोरतो. दुसरीला म्हणाली, नवरा घोरत न्हाई, तो जागाच ऱ्हातो, तेच वाईट हाय. पोस्टमनला म्हणाली, "तिकडं सकाळ-संध्याकाळ बटाटा खाऊन माझं त्वांड बटाट्यावानी झालं व्हतं, म्हणून आले." खरं कारण तिनं कोणालाच सांगितलं नाही. मलाही नाही, आणि मी तिच्या शेजारी झोपायचे. आबा तेव्हा होते. त्यांनी काही न विचारता तिला चिंचेखालचा जमिनीचा तुकडा दाखवला आणि म्हणाले, हे वावर कर. एवढंच. आत्या त्या दिवसापासून ते करत होती.

खेळ तात्यांनी आणला. भटारखान्यातले चौघं दुपारची भांडी झाल्यावर खेळायचे म्हणे. तात्यांना तो निम्मा आठवत होता, आणि निम्मा आठवणारा माणूस पुरा आठवणाऱ्यापेक्षा जास्त ठामपणे बोलतो. उन्हाळ्याची सुट्टी होती, माझं मंचरचं कॉलेज बंद होतं. तात्यांनी खताची पांढरी गोणी उसवून ओट्यावर पसरली आणि दोन दिवस तिच्यावर ओणवे होते. मध्ये नेहमीचा पट आखला, आठ घरं लांब आणि आठ रुंद. मग त्याच्या चारी बाजूंना आठ-आठ घरांच्या तीन-तीन ओळी जोडल्या. कोपरे रिकामे. घरं काळी करायला चुलीतला कोळसा उगाळला. आई म्हणाली, "एवढं सारवायला घेतलं असतं तर अंगण झालं असतं." सोंगट्यांसाठी लाकडी बुद्धिबळाचे दोन संच मंचरच्या बाजारातून आले. पण दोन संचांत रंग दोनच, आणि हवे होते चार. तेव्हा दुसऱ्या संचातली पांढरी फौज आत्यानं हळदीच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवली, आणि काळीवर शेजाऱ्यांच्या बैलांच्या शिंगांना लावून उरलेला पोळ्याचा हिंगूळ फासला. पांढरं बापूंचं, काळं तात्यांचं, पिवळं आत्याचं, लाल माझं. चौथा गडी म्हणून आधी आईला बोलावलं होतं. ती म्हणाली, "माझा राजा चुलीवर हाय, तो उतू जाईल." म्हणून मी.

मांडायचं सोपं आहे. प्रत्येकानं आपल्या बाजूच्या शेवटच्या ओळीत कडेला हत्ती, मग घोडा, मग उंट मांडायचे, दोन्हीकडून सारखेच. मधल्या दोन घरांत राजा आणि वजीर. वजीर राजाच्या डाव्या हाताला, हे तात्यांना पक्कं आठवत होतं, कारण लग्नात बायको डाव्या हाताला बसते. तात्यांचं लग्नाविषयीचं ज्ञान तिथंच संपत होतं. पुढच्या ओळीत आठ प्यादी. चाली नेहमीच्याच. पहिली बापूंची, मग त्यांच्या डावीकडे बसलेल्या तात्यांची, मग आत्याची, मग माझी, की परत बापू. शह द्यायचा तो मोठ्यानं म्हणायचा. समोरच्याला ऐकू आला नाही तर राजा सरळ खायचा, त्यात गय नाही. दोघांच्या खेळात एक शत्रू असतो आणि त्याच्याकडे लक्ष ठेवलं की झालं. चौघांत तसं नाही. समोरच्यावर धावून जावं तर शेजारी मागून हत्ती घुसवतो. तुमचा घोडा मारणारा माणूस दोन चालींनी तुमचाच राजा वाचवतो, कारण तुम्ही मेलात तर तिसरा माजेल. म्हणजे सगळं भावकीसारखंच. त्यामुळे आमच्या घरच्यांना हा खेळ शिकावा लागलाच नाही. हळदीची सोंगटी हाताळली की बोटं पिवळी व्हायची, त्यामुळे आत्याची प्यादी चोरून सरकवण्याची तात्यांची सवय पहिल्याच आठवड्यात उघडी पडली. आई भाकरी वाढताना हात बघायची आणि म्हणायची, "भावजी, आज परत आक्काच्या घरात गेलता वाटतं."

आता बारी म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. आबांनी खणलेली एक विहीर होती, तिच्यावर एक मोटार. एक दिवस पाणी बापूंच्या वावराला, दुसऱ्या दिवशी तात्यांच्या. या पाळीला आमच्याकडे बारी म्हणतात. ओट्यावर बसलं की मोटारीची घरघर ऐकू यायची, आणि ती कोणाची बारी आहे हे पोरंठोरंही सांगायची. बापू बाकी कसेही असोत, बारीच्या बाबतीत सोन्यासारखे होते. आपला दिवस संपला की कांद्याचा शेवटचा वाफा कोरडा असला तरी जाऊन बटण बंद करायचे. दुसऱ्याचं पाणी एक घोटभरही नको. पण अडीनडीला बारी उसनी मागता यायची. त्याची रीत ठरलेली. ज्याची बारी आहे त्याच्या बांधावर स्वतः जायचं, निरोप धाडायचा नाही, आणि तोंडानं मागायचं. त्यानं दिली तर घ्यायची आणि तो म्हणेल तेव्हा फेडायची. फेडीत टाळाटाळ करणाऱ्याला गावात कोणी तंबाखूसुद्धा द्यायचं नाही.

तर एकदा खेळ ऐन रंगात असताना तात्यांना दूध घालायला डेअरीवर जावं लागलं. बापू म्हणाले, "तुझी बारी मी घेतो, आल्यावर फेडीन." तात्या बरं म्हणून गेले. बापूंनी लागोपाठ दोन चाली केल्या. कोणाला काही वेगळं वाटलं नाही. आत्याला नाही, मला नाही, ज्यांनी खेळ आणला त्या तात्यांनाही नाही. बारी उसनी जाते, हे आम्हाला सूर्य उगवतो इतकं उघड होतं. त्या दिवसापासून तो नियमच झाला. एका डावात एकाकडून एकदा बारी उसनी घ्यायची. देणाऱ्यानं आपली चाल आली की हवी तेव्हा परत मागायची, आणि पट उठायच्या आत ती फिटलीच पाहिजे. तज्ज्ञ लोक हसतील. त्यांनी खुशाल हसावं. त्यांच्या खेळात माणूस फक्त मरतो किंवा मारतो, आमच्या खेळात माणसाला मागावंही लागायचं.

दुसरा एक नियम मात्र भांडून ठरला. राजा खाल्ल्यावर त्याच्या उरलेल्या फौजेचं काय करायचं, हे तात्यांना आठवेना. बापू म्हणाले, ज्यानं मारला त्याची. आत्या म्हणाली, "का? माणूस मेला म्हंजी त्याचं घर काय रस्त्यावर पडतं का? जागच्या जागी ऱ्हाऊ दे." बापू चिडले, म्हणाले, हा खेळ हाय. आत्या म्हणाली, "म्हणूनच म्हणते." शेवटी फौज जागच्या जागी राहायची असं ठरलं. मला तेव्हा वाटलं, आत्या नेहमीप्रमाणे उगाच फाटे फोडते आहे. पण आबा जाऊन तेव्हा दोन पावसाळे झाले होते, आणि चिंचेखालच्या तुकड्याला अजून थेंबभर पाणी नव्हतं. आबा होते तोवर ते आपल्या हातानं आठवड्यातून एकदा दंड, म्हणजे पाण्याचा पाट, वळवून तिकडे पाणी सोडायचे. ते गेल्यावर ते बंद झालं. कोणी बंद केलं नाही, सुरूच कोणी केलं नाही. पावसाळ्यात आत्या बाजरी काढायची आणि बाकीचे महिने विहिरीवरून हंड्यानं पाणी नेऊन दोन ओळी मिरच्या जगवायची. एका ओळीचं नाव तिनं बापू ठेवलं होतं, दुसरीचं तात्या. पाणी घालताना प्रत्येक रोपाला त्या-त्या भावाच्या नावानं दोन शब्द ऐकवायची. ते इथं लिहिण्यासारखे नाहीत. तात्याची ओळ जास्त तिखट निघायची.

त्या उन्हाळ्याच्या शेवटी हक्कसोडीचं निघालं. आबांच्या पश्चात सातबारावर तीन नावं लागली होती, दोन भावांची आणि आत्याची. बहिणीनं घोडेगावच्या कचेरीत जाऊन सही करायची, आपलं नाव कमी करून घ्यायचं आणि भावांनी तिला साडी-चोळी करायची, हे गावात घरोघर चालायचं. कोणाला त्यात काही वावगं वाटत नसे. बापूंनाही वाटलं नाही. त्यांच्या मनात पाप होतं असं मी म्हणणार नाही. "आक्के, तुला आमी काय टाकून देनार हाय का? नुसता कागद," असं ते अगदी मनापासून म्हणायचे. आत्या ना हो म्हणायची ना नाही. आणि एका रविवारी सकाळी बापूंनी आईला मासवड्या करायला सांगितलं.

मासवडी ही काय चीज आहे हे जुन्नर-आंबेगावच्या बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. बेसनाचं पिठलं घट्ट शिजवायचं, ओल्या फडक्यावर थापायचं, त्यात तीळ, खोबरं, लसूण, भाजलेल्या कांद्याचं सारण भरून वळकटी करायची, वड्या कापायच्या आणि वर जाळ निघेल असा रस्सा. चार तासांचं काम. ती पाहुण्याला करतात, जावयाला करतात, नाहीतर ज्याच्याकडून काही काढून घ्यायचं आहे त्याला करतात. त्या दिवशी घरात पाहुणा नव्हता आणि जावई यायला मला अजून अवकाश होता. खोबरं भाजल्याचा वास आला तशी आत्यानं मिश्रीचं बोट तोंडातून काढलं आणि मला म्हणाली, "रंजे, उद्या जीप ठरली वाटतं." खरंच ठरली होती, घोडेगावची. (पुढं माझ्या त्या गोट्या खेळणाऱ्या भावानंही माझ्यापुढे असाच कागद ठेवला. त्यानं मासवडीचेही कष्ट घेतले नाहीत, मंचरला हॉटेलात नेलं. मी पनीर खाल्लं आणि सही केली नाही. पनीर बरं होतं.)

मासवड्या व्हायला वेळ होता, म्हणून आम्ही पट मांडला. बापू त्या दिवशी भलतेच गोड होते. आत्याचं प्यादं समोर आलं तरी खात नव्हते. "ऱ्हाऊ दे, आक्काचं हाय," म्हणायचे. सगळा राग तात्यांवर काढत होते. तात्यांनी त्यांचा घोडा खाल्ला, तेव्हा बापू आत्याकडे वळून म्हणाले, "आक्के, तुझी बारी दे बरं मला. ह्या तात्याला लई माज आलाय." आत्या म्हणाली, "घे की. मला कुठं घाई हाय." बापूंनी लागोपाठ दोन चाली करून तात्यांचा हत्ती उडवला आणि मांडीवर थाप मारली. पुढच्या फेरीला तात्यांनी आत्याची बारी मागितली आणि बापूंचा उंट खाल्ला. आत्यानं तीही दिली. मग माझा वजीर दोघांच्या मध्ये सापडला. मीही हात पसरला. "तूबी घे," आत्या म्हणाली, "आजची पोरं कशाला मागं ऱ्हातील." तिची फौज जवळजवळ जशीच्या तशी घरी बसली होती. आम्हा तिघांच्या फौजा एकमेकांचे लचके तोडत मधल्या पटावर सांडल्या होत्या आणि मागे राजे उघडे पडले होते. पण ते बघायला कोणाला सवड होती? बापू पटावर हात फिरवत म्हणाले, "सकाळी जीप यील बरं का, आक्के. लवकर आवर."

"आवरते की," आत्या म्हणाली. "आता माझी चाल. अन् तिघांकडं माझ्या तीन बाऱ्या हायेत. त्याबी आत्ताच द्या. पट उठायच्या आत."

एक अधिक तीन, चार चाली झाल्या. कोणी काही म्हणायच्या आत तिनं उंट तिरका सोडला आणि माझा राजा उचलला. मी म्हटलं, "आत्या, मी तुझी भाची!" ती म्हणाली, "म्हणून पहिली घेतली, जास्त वेळ टांगून ठिवली न्हाई." दुसऱ्या चालीला पिवळा हत्ती सरळ रेषेत तात्यांच्या घरात शिरला आणि काळा राजा तिच्या पदरात पडला. तात्या "आयला" म्हणाले आणि तसबिरींकडे बघून त्यांनी जीभ चावली. तिसऱ्या चालीला तिनं वजीर बापूंच्या राजासमोर आणून उभा केला. "शह." बापू राजा हलवायला गेले. आत्यानं त्यांच्या हातावर चापट मारली. "थांब. अजून माझीच बारी हाय."

बापूंनी बोटं मोजली. मग त्यांचा चेहरा उजळला. "कुठली? रंजीची ना? रंजी मेली की! मेलेल्याची उसनी बारी बुडाली."

"बारी रंजीची न्हाई, बापू," आत्या म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "बारी माझी. तिनं फकस्त नेली व्हती. नेणारा मेला म्हणून देणाऱ्याची बारी बुडती का? बुडती म्हण. मग विहिरीलाबी उद्यापास्नं त्योच कायदा लावू. बोल, लावू?"

दुसरं कोणी असतं तर रेटून खोटं बोललं असतं. पण बारीच्या बाबतीत खोटं बोलणं बापूंच्या अंगातच नव्हतं, आणि हे त्या घरात आत्याइतकं पक्कं कोणालाच ठाऊक नव्हतं. ते हळूच म्हणाले, "न्हाई बुडत." आत्यानं वजीर पुढं सरकवला आणि पांढरा राजा उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला. त्याला पिवळा डाग पडला होता.

"मग आता मला एक सांग," ती म्हणाली. "आबा व्हते तवर चिंचंखाली पाणी येत व्हतं. आबा गेले, तवापास्नं माझी बारी कुठं हाय? तुमी दोघं एकाआड एक दिवस घेताय. मी दिली न्हाई. माझ्या बांधावर कोणी मागायला आलं न्हाई. उसनी म्हणावी तर मागितलीच न्हाई. मग न मागता नेलेल्याला काय म्हणत्यात?"

तात्या गोणीचा सुटलेला दोरा ओढत बसले. उत्तर स्वयंपाकघरातून आलं. आई रस्सा ढवळत होती, ती न थांबता म्हणाली, "चोरी." आणि मग जणू काही झालंच नाही अशा आवाजात, "ताटं घ्या, वड्या गार व्हतील."

मला आत्याचा एवढा अभिमान वाटला की मी मेलेली असूनही उड्या मारल्या असत्या. पण आत्याचं संपलं नव्हतं. उठता उठता तिनं पदरानं हात पुसले, भिंतीवरच्या कोट-चष्म्यातल्या तसबिरीकडे बोट केलं आणि दोघा भावांना म्हणाली, "त्यांनी बायाबापड्यांच्या हिश्श्यापायी दिल्लीची खुर्ची सोडली म्हणत्यात. तुमच्यानं तिसऱ्या दिवसाची मोटार सुटंना. उद्यापास्नं रंजीनं फडकं मारताना त्यांचं त्वांड तिकडं फिरवून ठिवलं तरी चालंल." मग तिनं मासवड्या खाल्ल्या. दोनदा मागून खाल्ल्या. बापूंनी रस्सा भाकरीत कुस्करला आणि तसाच ठेवला.

सोमवारी जीप आली. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला, परत वाजवला, मग उतरून चहा प्यायला. बापू ओट्यावर टोपी घालून तयार बसले होते, पण हाक मारत नव्हते. आत्या पहाटेच फावडं घेऊन चिंचेखाली गेली होती. ती विहिरीपासूनचा बुजलेला दंड खोदत होती, पाण्याचा पत्ता नसताना. ड्रायव्हर दुसरा चहा पिऊन निघून गेला. त्या दिवशी बापूंची बारी होती, मोटार चालली. मंगळवारी तात्यांची, तीही चालली. बापू घरात कोणाशी बोलले नाहीत. आईशी बोलले नाहीत याचं आईला काही वाटलं नाही. ती म्हणाली, जरा कान निवले. मला मात्र भीती वाटत होती. ओट्यावर बोलणं एक आणि विहिरीवर पाणी सोडणं एक. जुन्या रीतीनं बुधवारी परत बापूंची बारी येत होती, तिघांत वाटली तर आत्याची. त्यांचा कांदा ऐन पोसायला आला होता, आणि ऊन असं होतं की एक पाणी चुकलं तर कांदा गोटीएवढा राहणार. बापू बटण दाबणार, आणि मग आत्याचं सगळं बोलणं वाऱ्यावर जाणार, हे मला दिसत होतं.

बुधवारी मी आत्याबरोबर चिंचेखाली होते. दंड पुरा झाला होता, कोरडाठाक. आत्या तरीही त्याच्या कडा फावड्यानं चोपत होती. दिवस वर आला. लाइट होती, हे लांबच्या पिठाच्या गिरणीच्या आवाजावरून कळत होतं. आमची मोटार मात्र गप्प होती. आत्याही कान देऊन होती, पण माझ्याकडे बघत नव्हती. मग बापू येताना दिसले. कांद्याच्या वावरातून सरळ विहिरीकडे गेले, मोटारीच्या खोलीपाशी थांबले. ते तिथं बराच वेळ नुसते उभे होते. मग वळले आणि आमच्याकडे यायला लागले. आत्याच्या बांधापाशी येऊन थांबले. आत पाय टाकला नाही. टोपी काढली, झटकली, परत घातली.

"आक्के," ते म्हणाले, "आजची बारी उसनी देती का?"

आत्या वाकलेली होती, ती सरळ झाली. "काय म्हणला?"

तिला चांगलं ऐकू आलं होतं. बापूंनाही ते माहीत होतं. "आजची तुझी बारी," ते जरा मोठ्यानं म्हणाले. "कांद्याला पायजे. तू म्हणशील तवा फेडीन."

"घे," आत्या म्हणाली. "फेडायची मातर."

बापू मान हलवून गेले. थोड्या वेळानं मोटार सुरू झाली, आणि पाणी कांद्याकडे वळलं. आमच्या दंडात त्या दिवशीही थेंब आला नाही. आत्या बांधावर मटकन बसली आणि तिनं तोंडाला पदर लावला. रडते की काय म्हणून मी जवळ जाऊन पाहिलं, तर ती हसत होती. खांदे हलेपर्यंत हसत होती.

"ऐकलं का रंजे?" ती म्हणाली. "मागायला आला."